निजून जाणारे गणपती

"झाकण काढ, जगन," गोविंदाशेठ म्हणाले.

आमच्या ह्यांनी टेम्पोतल्या, मूर्ती न्यायला स्वतः बनवलेल्या पाळण्याचे पट्टे सोडले. आत शाडूचे गणपती पाठीवर ओळीने निजलेले. पेणहून वडखळमार्गे रोह्यापर्यंत आणि तिथून परत, हायवेच्या सगळ्या खड्ड्यांतून टेम्पो मुद्दाम हाणून आणला होता. मी जीव मुठीत धरून आत डोकावले. सोंडा शाबूत, कान शाबूत, एकाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं. मला तर तिथेच फुगडी घालावीशी वाटली.

शेठ मात्र दोन पावलं मागे सरले.

"अरे, डोळे काढलेले देव आडवे घातलेस? कंपनीचे ड्रम हायत काय हे?"

"पन शेठ, फुटला नाय ना एकबी."

"नाय फुटला, कबूल. पन आमच्याकडं डोळ्यांची आखणी झाली की देव जागा झाला. जागा देव बसूनच जातो. माझ्या आज्यापासून हेच चालत आलंय. गिऱ्हाइकानं असं बघितलं तर दारात उभा नाय करायचा मला. ने तो पाळणा."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. कारखान्यात तयार दिसले ते गणपती उचलून ह्यांनी पाळण्यात निजवले होते. फिटरच तो, त्याला डोळे काय नि आखणी काय! जड आणि नाजूक वस्तू आडवी न्यायची, एवढंच कंपनीने शिकवलेलं. मी तेव्हा आत माळ्यावर होते, नाहीतर तिथेच हात धरला असता.

मी सगुणा. शेठच्या ह्याच कारखान्यात आखणी करते, म्हणजे गणपतीचे डोळे काढते. लग्नाआधीपासून करते. हे रोह्याच्या एका केमिकल कंपनीत होते, ती बंद पडली. खरं सांगायचं तर कंपनी चालू असती ना, तर ह्या माणसाने घरातला गळका नळदेखील बघितला नसता. कंपनीला कुलूप लागलं आणि रोह्यात जिकडे तिकडे रिकामे फिटर, रिकामे वेल्डर. हात शिवशिवतात, हत्यारं गंजतात, करायचं काय? ह्यांचे कंपनीतले सोबती कान्हूभावजी जन्मभर ॲसिडच्या टाक्यांना आतून फायबरचा थर देणारे, तेही घरी बसलेले. इकडे पेणेत पीओपीवर कधी बंदी, कधी सूट, म्हणून शाडूची मागणी वाढली. आणि शाडू म्हणजे लाडावलेलं पोर, जरा धक्का लागला की हात गेलाच. कारखानदार डोक्याला हात लावून बसलेले. कंपनीत काचेची मोठी भांडी आडवी निजवून, मानेला नि कमरेला आधार देऊन न्यायचे. तेच डोक्यात धरून ह्या दोघांनी कान्हूभावजींच्या अंगणात पाळणा उभा केला. टाकाऊ पत्र्याचा सांगाडा, फायबरचे साचे, वर स्पंज आणि खाली भंगारातल्या स्कूटरच्या स्प्रिंगा.

आणि हा पाळणा नाही चालला, तर हे गुजरातेत अंकलेश्वरला जाणार होते. तिथल्या कंपनीतून दोनदा फोन आलेला. पन्नाशीचा माणूस, अंगात साखर, एका खोलीत सहाजण राहणार आणि वडापाव खाऊन शिफ्ट करणार. मला रात्ररात्र झोप नव्हती.

हे मुकाट्याने पट्टे गुंडाळायला लागले. ते बघवेना मला.

"शेठ," मी म्हटलं, "डोळे नसलेला देव निजवला तर चालंल?"

"त्याला काय हरकत? आखणीपातूर मातीच ती."

"मग इथं काढूच नका डोळे. पोचल्यावर तिथं काढू दे."

शेठ माझ्याकडे वळले. "तू जानार हायस काय डोंबिवली, ठाणं, सगळीकडं?"

"मी कशाला? तिथले व्यापारी ठेवतील कुनी."

"मग तुझं काय गो?"

"माझं बघू नंतर," मी म्हटलं. 

शेठनी पाळण्यावरून हात फिरवला, स्पंज दाबून बघितला. मग म्हणाले, "आनखी किती करून देशील, जगन?"

घरी आल्यावर हे माझ्यावरच उखडले. "कुनी सांगितलं होतं मधी बोलायला? गेलो असतो अंकलेश्वरला, मरत नव्हतो!"

"जा की मग! गोळ्या कोन देनार हाय तिथं, तुमचा साहेब?"

"तुझा आखणीचा हात गेला ना पन!"

"हात हाय माझा जागेवर!" मी ओरडले आणि भाकरीचं पीठ मळता मळता रडले. मला सगळ्यांचा राग येत होता. ह्यांचा, शेठचा, आणि डोंबिवलीत माझ्या वाट्याचे डोळे काढणार होती त्या न बघितलेल्या बाईचा तर सगळ्यात जास्त.

पाळणे चालले. यंदा पेणेतल्या बऱ्याच कारखान्यांनी घेतले. रोह्यात कान्हूभावजींचं अंगण पुरेना, बाजूचा बंद गाळा घ्यावा लागला. कंपनीतले सात-आठजण तिथे कामाला लागले. हे रोज सकाळी डबा घेऊन निघतात आणि संध्याकाळी घरी जेवायला असतात. मी स्पंज कापते, कापड चढवते. आखणीला शेठ अधूनमधून बोलावतात, गावातल्या घरच्या गणपतींपुरतं.

परवा डोंबिवलीचा माल भरायचा होता. "सगुणा, तुझा हात हलका, तूच निजव," शेठ म्हणाले. मी पहिली मूर्ती उचलून पाळण्यात ठेवली. मानेखाली स्पंज नीट केला. सोंड सुरेख, गालावर गुलाबी छटा, आणि वर डोळ्यांच्या जागी नुसती कोरी खोबण. माझी मान आपोआप वाकली, श्वास धरला गेला आणि उजवा हात ब्रशसाठी बाजूला पसरला.

मागे हे उभे होते. त्यांना वाटलं, मी पट्टा मागतेय. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

मी पट्टा आवळला आणि म्हटलं, "दुसरा द्या."