मनकर्णाबाईंच्या फळीवरचे पुस्तक

मित्रांनो, माझे मुखपृष्ठ केव्हाच गळून पडले आहे. त्यामुळे माझे नाव तुम्हाला वाचता येणार नाही. मी समुद्रप्रवासाच्या गोष्टींचे एक जुने पुस्तक आहे. जिथल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही, त्या भातकुलीत एका घराच्या फळीवर माझे आयुष्य चालले आहे.

माझा जन्म अकोल्याच्या एका छापखान्यात झाला. शिवणयंत्राची सुई पाठीतून गेली तेव्हा फार दुखले, पण त्या टाक्यांमुळेच मी आजवर सुटा झालो नाही. मूर्तिजापूरच्या नत्थुजी गुरुजींनी मला विकत घेतले. गुरुजी भातकुलीच्या शाळेत शिकवत. वाचून झालेले पुस्तक ते कपाटात ठेवत नसत, वर्गातल्या एखाद्या मुलाला देऊन टाकत. "मले परत करू नको. वाच अन् पुढं दे," एवढेच सांगत. असा मी नागसेनच्या वाट्याला आलो.

नागसेनने मला इतक्यांदा वाचले की माझ्या पानांचे कोपरे गोल झाले. चहा सांडला, तेलाचे डाग पडले. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. पुढे तो इंजिनीअर झाला, पुण्याला नोकरीला गेला आणि मला पुढे द्यायचे विसरला.

मग माझी काळजी त्याच्या आईने घेतली. मनकर्णाबाईंनी सारी उमर दुसऱ्यांच्या वावरात निंदण केले, कापूस वेचला. त्यांना अक्षर येत नव्हते. मला रोज पुसून त्या फळीवर ठेवत, कधी सुलटे, कधी उलटे. पती वारले, घर सुने झाले. एका दुपारी त्या मला घेऊन शेजारच्या ज्योत्स्नाताईच्या ओट्यावर जाऊन बसल्या. ज्योत्स्नाताई अंगणवाडीत शिकवते.

"ज्योत्स्ना, माह्या पोरानं हे पुस्तक कितीकदा वाचलं. याच्यात काय हाये, मले पाहाचं हाये. शिकव मले."

"आता या वयात, मावशी?"

"मंग कोन्या वयात?"

मित्रांनो, ते दिवस मी विसरणार नाही. कापसाच्या बोंडांनी चिरलेले त्यांचे खरखरीत बोट माझ्या ओळींवरून सरके. एकेका अक्षरापाशी थांबे, मागे येई, पुन्हा पुढे जाई. बाराखडीत उन्हाळा गेला, जोडाक्षरांत पावसाळा. एका सकाळी त्यांनी पहिले अख्खे वाक्य वाचले आणि अंगणातूनच हाक मारली, "ज्योत्स्ना, होडी निघाली वो!" मला वाचून इतका आनंद झालेले माणूस मी पुन्हा पाहिले नाही.

त्याच सुमारास ज्योत्स्नाताईने अमरावतीच्या वाचक मेळ्याची गोष्ट सांगितली. तिथे प्रत्येकाने घरातले एक पुस्तक द्यायचे, त्यातला उतारा वाचून दाखवायचा आणि दुसऱ्याने आणलेले पुस्तक घेऊन जायचे. मनकर्णाबाईंकडे पुस्तक एकच होते. त्या कितीतरी वेळ मला मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "गुरुजींनं पुढं द्याले सांगतलं होतं. नागसेन विसरला. मीच देऊन टाकीन."

त्यांनी ठेवणीतले लुगडे नेसले, मला स्वच्छ फडक्यात गुंडाळले, आणि ज्योत्स्नाताईबरोबर एस.टी.ने आम्ही अमरावतीला गेलो. वाटेत त्या पुटपुटत होत्या. उतारा त्यांना जवळजवळ पाठ झाला होता.

दालन भरलेले होते. सतरंजीवर नवी नवी पुस्तके मांडली होती. मनकर्णाबाईंनी त्यांतले मोठ्या अक्षरांचे एक पुस्तक निवडून काखेत धरले. मेळ्याचे प्रमुख खुशालराव हे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी नाव पुकारले. मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी मला उघडून ओळीवर बोट ठेवले.

"चहूकडे पानीच पानी होते," त्यांनी वाचले.

खुशालरावांनी हात वर केला. "मावशी, पानी नव्हे. पाणी. ण. म्हणा पाहू."

"पानी."

पुढच्या रांगेत हशा पिकला. माधवी नावाच्या तरुणीने मोबाइल वर धरला.

"जीभ वर न्या, मावशी. पा-णी."

"पा... नी."

"अहो, ज्या भाषेचं दान करायला आलात, ती आधी नीट तर बोला!"

सगळे दालन हसले. खुशालरावांनी त्यांना पुन्हा म्हणायला लावले, मग आणखी एकदा. मनकर्णाबाईंच्या कपाळावरचा घाम माझ्या पानावर पडला. त्यांनी ज्योत्स्नाताईकडे पाहिले. ज्योत्स्नाताई मान खाली घालून पदराचे टोक चाळवत होती. हसून हसून खुशालरावांचा घसा कोरडा पडला. दाराशी उभ्या असलेल्या चहावाल्याला ते म्हणाले, "बंडू, जरा पानी आन रे!"

तेव्हा कोणीही हसले नाही.

मनकर्णाबाईंचे बोट अजून त्याच ओळीवर होते. आणखी दोन ओळी वाचल्या असत्या तर होडी किनाऱ्याला लागली असती. त्यांनी मला मिटले आणि पुढे करून म्हणाल्या, "हे घ्या साहेब. कोन्या तरी लेकराले द्या."

खुशालरावांनी मला दोन बोटांत उचलले. मुखपृष्ठ नसलेली माझी छाती पाहिली, डाग पाहिले. "मावशी, हे वाचकांचं व्यासपीठ आहे. इथं रद्दी घेत नाहीत," असे म्हणून त्यांनी मला परत दिले. मग मनकर्णाबाईंच्या काखेतल्या पुस्तकाकडे बोट दाखवले. "दिलं नाही तर नेता येत नाही. नियम आहे. ते ठेवून द्या."

मनकर्णाबाईंनी ते पुस्तक सतरंजीवर होते तिथेच, नीट सरळ करून ठेवले.

माधवीने तो व्हिडिओ टाकला, 'पानीवाली आजी' असे नाव देऊन. आठवड्याच्या आत गल्लीतली पोरे ओरडू लागली, "पानीवाली आली, पानीवाली!" मनकर्णाबाई दार लावून घेत. तरी रात्री जेवण झाले की मला उघडत. आवाज न करता, फक्त ओठ हलवत वाचत.

एका रविवारी नागसेनचा फोन आला. मी त्यांच्या मांडीवर होतो.

"माय, तू काहून गेली वो तिथं? माह्या ऑफिसातल्या पोरानं मलेच तो व्हिडिओ दाखवला. म्हने, पाहा, तुमच्या भागातली आजी."

"मंग तू काय म्हनलं, बाबू?"

"काय म्हनू? वळखत नाई म्हटलं."

"जेवला काय?" एवढे विचारून मनकर्णाबाईंनी फोन ठेवला. मला मिटून फळीवर ठेवले. त्या दिवसापासून मी उघडलो गेलो नाही.

ज्योत्स्नाताई एकदा आली. "मावशी, माहं चुकलं. मी तवा बोलाले पाह्यजे होतं," म्हणाली. मनकर्णाबाईंनी तिला चहा दिला, तिच्या लेकराबाळांची चौकशी केली. जाताना ताईने मला खाली काढले. "चाल ना मावशी, थोडंसं वाचू."

"मले कुठं वाचता येते बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, जणू कधी येतच नव्हते.

मागच्या महिन्यात नागसेनने मिक्सर पाठवला. खोके घेऊन आलेल्या माणसाने मोबाइल पुढे केला, "सही करा, मावशी." ज्या हाताने त्यांनी पाटीवर 'मनकर्णा' गिरवले होते, तो हात त्यांनी पदरात लपवला. "सही नाई येत मले," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पुढे केला.

मित्रांनो, पुस्तके जरूर वाटा, एकमेकांना द्या, घ्या. माझ्यासारख्या फाटक्याला कव्हर घातले नाही तरी चालेल. पण कोणी ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचत असेल, तर मध्ये बोलू नका. त्याची ओळ त्याला पुरी करू द्या. आणि बाकीचे हसू लागले, तर तुम्ही मान खाली घालू नका.

माझ्या शिवणीचा एकही टाका उसवलेला नाही. आतली पाने सगळी जागेवर आहेत. मला वाचू शकणारी बाई याच घरात राहते. ती रोज सकाळी माझ्यावर फडके मारते आणि चुलीकडे निघून जाते.