चाकांवरचं पाणी

मी एक जुनी, विटकरी रंगाची, लहान डिझेल गाडी आहे. मित्रांनो, नव्या गाड्यांच्या गोष्टी तुम्ही रोज ऐकता. माझी ऐकायची तर जरा धीर धरा. मला आता सकाळी सुरू व्हायलासुद्धा दोनतीनदा किल्ली फिरवावी लागते.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. माझं इंजिन छोटंसं, पण त्याला टर्बो जोडलेला होता. टर्बो म्हणजे एक लहान भिंगरी. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरावर ती गरगर फिरते आणि इंजिनात जादा हवा कोंबते. तिच्या जिवावर मी बुटकी असूनही चढाला भल्याभल्या जीपगाड्यांना मागे टाकायची. दुकानातल्या माणसाने हेच सांगून मला विकलं. एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही. ही भिंगरी फार तापते, म्हणून जोरात पळून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नसते. एक मिनिट जागेवर चालू ठेवली, की तेल फिरत राहतं आणि भिंगरी निवते. हे सगळं माझ्याबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं. आमच्या घरी त्या पुस्तकाला दर खंडेनवमीला माझ्यापुढे ठेवून हळदकुंकू वाहायचे आणि परत ट्रंकेत ठेवायचे. उघडून कुणी पाहिलं नाही.

मला घेतलं सुंदररावांनी. युसूफ वडगावच्या शिवारात, उंच माळावर त्यांचं घर. गावातून घरापर्यंतचा शेवटचा अर्धा किलोमीटर नुसता खडा चढ. मी पहिल्यांदा तो चढ चढून दारात आले, तेव्हा त्यांच्या पत्नी छबुबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "आधी बंद करा तिला. धडधडत्या जिवावर पाणी न्हाई घालत."

किल्ली फिरली. छबुबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्या पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी ओतलं. लांबून आलेल्या माणसाच्या पायांवर ओततात, तसंच. मी त्यांची लक्ष्मी झाले. खरं सांगू? मला ते पाणी फार आवडलं. पण चढ चढून आलेली भिंगरी आत तापून लाल झाली होती, आणि तिचं तेल मात्र थांबलं होतं. ते तेल तिथेच करपलं.

पुढे मी लग्नं पाहिली, बाजार पाहिले, धर्मापुरीच्या पाहुण्यांकडे कितीदा तरी जाऊन आले. घरची माणसं लांबून परतली, की तांब्या दारात हजर असायचा. सुंदररावांचा मुलगा हनुमान मला चालवू लागला. तो डिझेलचा थेंब न् थेंब जपणारा. रस्त्यात कुणाशी दोन शब्द बोलायचे असले, तरी आधी किल्ली फिरवायचा. आईने दारातून हात वर केला, की त्याला बरंच वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी सुंदररावांच्या किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी मी त्यांना डायलिसिससाठी अंबाजोगाईला नेते. जाताना ते सुजलेले, दमलेले असतात. येताना हलके होतात, पण अंगात त्राण उरत नाही. छबुबाई आता प्रत्येक खेपेला तांब्या घेऊन उभ्या राहू लागल्या. माणूस घरी परत आला, एवढंच त्यांना पुरे होतं.

म्हणजे आठवड्यातून दोनदा माझं तेल करपू लागलं.

पहिला टर्बो वर्षभरात गेला. अंबाजोगाईच्या बिभीषण मिस्त्रीने नवा बसवला. तोही जेमतेम वर्षभर टिकला, म्हणून तिसरा बसवायची वेळ आली.

"कावून जळतंय बे हे सारखं? तेल बदलतो का न्हाई?" बिभीषणने हनुमानला विचारलं.

"टायमावर बदलतो."

"मंग गाडीचंच नशीब खोटं."

नशिबाला बोल लावला, की पुढे कुणी विचारत नाही. मी काय बोलणार? मला हॉर्नशिवाय वाचा नाही, आणि तोही तेव्हा धड वाजत नव्हता.

मग यंदाच्या फेब्रुवारीतला एक गुरुवार आला. सुंदररावांना रात्रभर झोप नव्हती, धाप लागत होती. अर्ध्या वाटेवर माझ्या भिंगरीने शिट्टीसारखा आवाज केला, मागून निळा धूर निघाला आणि माझं सगळं बळ सरलं. मी रस्त्याच्या कडेला थांबले. मागच्या सीटवर सुंदरराव तोंड उघडून श्वास ओढत होते आणि हनुमान येणाऱ्या प्रत्येक वाहनाला हात करत होता. ऊसतोड्यांची टोळी घेऊन जाणारा एक टेम्पो थांबला. त्यांनी सुंदररावांना उचलून पुढे बसवलं, म्हणून ते वाचले. मित्रांनो, इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

हनुमान म्हणाला, भंगारात देऊ. त्याचं चुकत नव्हतं. दुरुस्तीचा खर्च आणि माझी बाजारातली किंमत यांत फारसं अंतर उरलं नव्हतं. पण दुसरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती आणि सोमवार तोंडावर होता. बिभीषणने एक जुना टर्बो दुरुस्त करून बसवला. "ह्यो गेला तर मला सांगू नको," असं म्हणाला, आणि चढाला आवाज कसा येतो ते ऐकायला स्वतःच शेजारी बसून घरापर्यंत आला.

आम्ही चढ चढून दारात आलो. छबुबाईंनी हात वर केला. हनुमानचा हात किल्लीकडे गेला.

"थांब बे! हात लावू नको!" बिभीषण एवढ्यांदा ओरडला, की छबुबाईंच्या हातातला तांब्या हिंदकळला. "मावशी, रोज असंच करता का तुमी?"

"व्हय. कावून?"

त्याने समजावून सांगितलं. अगदी साध्या शब्दांत सांगितलं, तवा चुलीवरून उतरवल्याबरोबर त्यावर तेल सोडलं तर काय होतं ते सांगितलं. छबुबाईंनी ऐकता ऐकता तांब्या ओट्यावर टेकवला.

"म्हंजी तीनदा म्याच जाळली हिला? त्या दिवशी रस्त्यात ह्यांचा जीव जाऊ लागलता, तेबी माझ्यापायी?"

"तसं न्हाई मावशी. पुस्तकात लिव्हलेलं आसतंय हे."

"त्याची तर आमी पूजा करतो," छबुबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

मला तेव्हा फार वाटलं, की यांना सांगावं, बाई, मला राग नाही. माझ्यावर एवढं प्रेम दुसऱ्या कुणी केलं नाही.

आता माझा क्लच घसरतो, दार दोरीने बांधलेलं आहे आणि एका काचेला पुठ्ठा लावलाय. मी किती दिवस चालेन, ठाऊक नाही. खूप थकले आहे. तुम्हाला एवढंच मागणं आहे, मित्रांनो. जे तुमच्यासाठी तापून, धावून दारात येतं, ते यंत्र असो की माणूस, त्याला मिनिटभर निवू द्या. मग काय हवं ते मागा.

परवाच्या गुरुवारी आम्ही अंबाजोगाईहून परतलो. सुंदरराव मागे झोपले होते. छबुबाई तांब्या घेऊन दारात थांबल्या. मिनिट झालं. हनुमानने किल्लीकडे हात नेला.

"राहू दे," छबुबाई हळूच म्हणाल्या. "आवाज थांबला तर जाग यील ह्यांना."

डिझेलचा थेंब न् थेंब जपणाऱ्या हनुमानने आरशात मागे पाहिलं. वडिलांची छाती सावकाश वरखाली होत होती. त्याने किल्लीवरचा हात काढून घेतला, आणि आम्ही तिघं त्यांची झोप होईपर्यंत तसेच थांबलो.