सपाट बुडाची

माझं बूड सपाट आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून नाक मुरडायला नको. मी मोटरवर चालणारी लहान होडी, पत्र्याची, चार माणसं बसतील एवढी. तोंड बोथट, कडा बुटक्या. ज्या शेडमध्ये मला जोडलं तिथे सगळे मला परात म्हणायचे. मी ऐकून घ्यायची. पत्र्याला कुठे उलट उत्तर देता येतं?

मला एका मिस्त्रीने बनवलं. हात सोन्याचे, जीभ मात्र विकणाऱ्याची. उथळ पाण्यात जाळी टाकणाऱ्या एका माणसासाठी त्याने मला जोडली. तो माणूस न्यायला आला, शेडच्या दारात उभी असलेली लाल होडी बघितली आणि तिच्यावरच भाळला. तिचं तोंड टोकदार, बूड खोल, अंगावर पांढरा पट्टा. मला तिथेच टाकून तो तिला घेऊन गेला. मिस्त्रीने दाराशी लगेच दुसरी लाल होडी आणून ठेवली, आणि मी गेले शेडच्या मागे.

दोन वर्षं तिथे पालथी पडून होते. कामगार माझ्यावर बसून डबा खायचे. रंगारी हात पुसायचे फडके माझ्या पाठीवर वाळत घालायचा. एका कुत्रीने माझ्याखाली चार पिल्लं वाढवली. ती पिल्लं होती तेवढे दिवस बरे गेले, खोटं कशाला बोलू.

पडल्या पडल्या मी गिऱ्हाइकं ऐकायची. होडी घ्यायला आलेला माणूस आधी तिच्यावर टकटक करतो. मग उगाच मोटरीला हात लावतो आणि विचारतो, पळते किती? सगळ्यांना पळायचंच असतं. ज्या पाण्यात न्यायची ते पाणी किती खोल, हे कुणी म्हणून विचारत नसे.

ते विचारणारी बाई एका सकाळी आली. पन्नाशीची, गळ्यात मापाची टेप तशीच लटकलेली, हातात एक लांब काठी. पेशाने शिंपीण. बरोबर धाकटा दीर होता, इस्त्रीच्या शर्टात. त्याची नजर लाल होडीवरून हलेना.

बाईंनी होडीकडे बघितलंच नाही. काठी मिस्त्रीपुढे धरली. खालच्या टोकापासून वीतभर उंचीवर कात्रीने घातलेली एक खाच होती.

"माझं पाणी एवढंच," त्या म्हणाल्या. "यात तरंगेल ती दाखव."

मग त्यांनी सगळं सांगितलं, रडगाणं न गाता, कापडाचा भाव सांगावा तसं. त्यांच्या शिंपी नवऱ्याची, म्हणजे मास्तरांची, मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा त्यांना मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागे. इस्पितळ तलावापलीकडे, नदीने थोडं वर गेलं की येणाऱ्या शहरात. रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. बसमध्ये अर्धा दिवस मोडायचा आणि मास्तर ओकून ओकून अर्धे व्हायचे. म्हणून पाण्यानेच जायचं. पण नदी तलावाला मिळते तिथे एक वाळूचा पट्टा आहे. गेल्या उन्हाळ्यात भाड्याची होडी त्यावर रुतली. निघता निघता संध्याकाळ झाली, मास्तरांचा नंबर गेला. दोन दिवसांत त्यांचं तोंड भाकरीसारखं सुजलं, श्वास लागला, आणि बाईंचा संसार थोडक्यात वाचला. होडी रुतली होती तेव्हा त्या पाण्यात उतरल्या होत्या. हातात होती ती काठी वाळूवर टेकवून, पाणी जिथे लागलं तिथे पिशवीतल्या कात्रीने खाच केली होती. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावणारी बाई नव्हे ती.

दिराने लाल होडीची तारीफ सुरू केली. म्हणे वहिनी, ही दिसते किती छान, लोक बघत राहतील.

बाई म्हणाल्या, "भाऊजी, लोकांनी बघायला मला रुतून बसायचं नाहीये."

मिस्त्रीने डोकं खाजवलं. दारातल्या तीन होड्या एकेक करून काठीशी लावून बघितल्या. तिन्हींना खाचेपेक्षा जास्त पाणी लागणार. मग त्याला मी आठवले. मला सुलटी केली, झाडली, पाण्यात सोडली. मी पानासारखी तरंगले. मिस्त्री म्हणाला, बघा, चार बोटंसुद्धा बुडत नाही.

"रिकामी आहे म्हणून," बाई म्हणाल्या. "अंगात माणूस नसताना सदरा सगळ्यांना होतो. बसा आत."

आणि त्यांनी माणसं बसवली. मास्तरांच्या वजनाचा कामगार, स्वतः, इंधनाचा डबा, मोटरीच्या वजनाची वाळूची गोणी. एवढ्यावर मन भरेना म्हणून रंगाऱ्याला बोलावलं. तो शेडमधला सगळ्यांत जाडा. तो कुरकुरत बसला, मी एकीकडे कलले, बाईंनी त्याला मधे सरकवलं. मग ओणवून काठी खाचेपर्यंत पाण्यात धरली. माझं बूड काठीच्या टोकाच्या दोन बोटं वर.

 बाईंनी माझ्या काठावर एक थाप मारली, कापडाचं ठाण पसंत पडलं की मारतात तशी. दोन वर्षांत मला कुणी असा हात लावला नव्हता.

चूक झाली ती यानंतर. दीर हिरमुसला होता. म्हणाला, होडी तुमच्या पसंतीची, मोटर तरी माझ्या पसंतीची घ्या. बाईंनी मान दिला. त्याने लाल होडीवरची मोठी मोटर निवडली, लांब पायाची. मिस्त्रीने माझ्या पाठीला ती बसवली आणि विक्री झाल्याच्या आनंदात तोंड मिटून घेतलं. जमिनीवर असताना मोटर वर उचललेली. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

आठ महिने सुखाचे गेले. बाई स्वतः मला चालवायला शिकल्या. मास्तर पुढे उशीला टेकून बसायचे. तलाव भरलेला होता, वाळूचा पट्टा कुठे खाली झोपला होता कोण जाणे. मग ऊन वाढलं, पाणी उतरलं, काठावर चिखलाच्या रेषा दिसायला लागल्या. बाई निर्धास्त. माप घेतलंय ना.

त्या दिवशी पट्ट्यावर पोचलो, पाणी बरोबर खाचेएवढं. माझं बूड आरामात तरंगत होतं. आणि मागे खर्रर्र झालं. मोटर एकदा धडपडली आणि बंद पडली. मी पाण्यावर, पण माझा पाय वाळूत. मागेही जाईना, पुढेही जाईना.

 बाईंनी काठी पाण्यात घालून बघितली, काढली, परत घातली. माप बरोबर होतं. तीच काठी, तीच खाच. मी या बाईला मिस्त्रीला झापताना पाहिलं होतं, दिराला गप्प करताना पाहिलं होतं. घेतलेलं माप पुन्हा घेताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"अहो, माप चुकलं नाही माझं," त्या म्हणाल्या. "देवाशपथ नाही चुकलं."

मास्तर वळून मागे बघत होते. पाय सुजलेले, आवाज बारीक, पण नजर शिंप्याचीच. दोघांचं दुकान एक, काम मात्र वाटलेलं. पोलकी, सदरे बाईंचे. पायजमे, विजारी मास्तरांच्या. तीस वर्षं बाईंनी कमरेखालचं माप घेतलं नव्हतं.

"अगं, सदऱ्याचं माप घेतलंस," मास्तर म्हणाले. "विजारीचं कुणी घ्यायचं?"

बाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी वाकून मोटरीखाली बघितलं. माझ्या बुडाखाली तो लांब पाय चांगला दीड वीत लोंबत होता, पंख्यासकट वाळूत घुसलेला.

"तरी म्हटलं घोटा कुठे अडकला," मास्तर म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला. बाईंनी आधी त्यांना पाणी पाजलं, मग स्वतःला दोन शिव्या दिल्या, उरलेल्या दिराला ठेवल्या. मोटरीचा पाय वर उचलला. मी मोकळी झाले. बाई पाठीमागे उभ्या राहिल्या आणि त्याच काठीने वाळूला रेटा देत मला ढकलू लागल्या. पट्टा शंभरेक पावलांचा. मी एकदाही टेकले नाही. माझ्या पत्र्याखालून वाळू जात होती, दोन बोटांवरून, आणि मी मनात म्हणत होते, परात म्हणा, काय हवं ते म्हणा.

पलीकडे खोल पाणी लागलं, मोटर दोन हिसक्यांत सुरू झाली. इस्पितळाच्या धक्क्यावर आम्ही तासभर उशिरा पोचलो. नर्सबाई खाली येऊन उभ्या होत्या. मशीन राखून ठेवलंय, चला लवकर, म्हणून रागावल्या. एवढं गोड रागावणं मी कधी ऐकलं नव्हतं. मास्तरांना आत नेलं, तेव्हा बाई माझ्या काठावर बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या. पोटभर. मग नाक पुसून डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दीर आपणहून आला. मोठी मोटर उतरवली, मिस्त्रीकडे नेली, आणि आखूड पायाची लहान मोटर आणून बसवली. ती उथळ पाण्यात अर्धी वर उचलूनही चालते. माझी चाल थोडी कमी झाली. तक्रार कोणाची नाही. मास्तरांनी काठी मागून घेतली आणि बाईंच्या खाचेच्या वर स्वतःची एक खाच घातली, पायाची. पाणी तिच्याखाली गेलं की मोटर अर्धी वर घ्यायची.

आता माझ्या अंगावर पोचे आहेत, रंग दोन ठिकाणी उडालाय, एका फळीवर मास्तरांच्या उशीचा डाग बसलाय. दुसरा उन्हाळा सरत आला. एकही नंबर चुकला नाही.

तुम्ही कधी होडी निवडायला गेलात तर कृपा करून टकटक करू नका. आधी आपल्या पाण्यात उतरा, सगळ्यांत कमी असेल त्या दिवशी. मग माणसं बसवून माप घ्या, वरचंही आणि खालचंही. आणि शेडच्या मागे एक चक्कर मारा. तिथे कोणी पालथी पडली असेल.

निघते आता. आज मास्तरांचा दिवस आहे. वाळूचा पट्टा आला की पूर्वी बाई श्वास रोखून धरायच्या. आता रोखत नाहीत. मास्तर तर त्या जागी हमखास घोरतात, आणि बाई काठी टेकवता टेकवता म्हणतात, "घोरा, घोरा. सगळं मीच बघायचं."