दर्शनी भिंतीवरची नदी

मित्रांनो, मी नदीचा एक जुना फोटो आहे. कॅमेऱ्याचे अप्रूप होते तेव्हाचा. मला टिपणारा गृहस्थ काठावरच्या लोकांना "हलू नका हो!" म्हणून ओरडत होता. लोक थांबले, नदी कुठली थांबते! म्हणून माझ्यातले पाणी धुक्यासारखे मऊ दिसते. काठाजवळचे गोटे मात्र लख्ख आहेत.

बरीच वर्षे मी कपाटात पडून होतो. मग कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या मालकाने मला बाहेर काढले आणि आपल्या चित्रकार पुतणीच्या हाती दिले.

"कारखान्याच्या दर्शनी भिंतीसाठी हाच देखावा मोठा करून दे. येणारा-जाणारा बघत राहिला पाहिजे," तो म्हणाला.

पुतणीने मान डोलावली. वडिलांमागे काकानेच तिला वाढवले होते. त्याचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

पाण्याचा खरा रंग कळावा म्हणून ती मला घेऊन त्याच जागी गेली. शी! आठवले तरी माझ्या कडा आखडतात. पाणी कसले, जांभळट काळा रेंदा तो! वर पिवळा फेस, फेसात फुगलेले मासे. तिने ओढणी नाकाला लावली, तरी ती भडाभडा ओकली. वर पाहिले, तर काकाच्या कारखान्याचा पाइप नदीत भसाभसा ओकत होता.

तिने जे पाहिले तेच रंगवले, पाइपासकट.

"माझ्या भिंतीवर ही घाण? उचल आधी!" काका कडाडला.

"भिंतीवर सहन होत नाही, मग नदीत कशी सोडता, काका?"

"माझ्या घरात वाढलीस आणि मलाच शिकवतेस?"

"तुमच्या घरात वाढले म्हणूनच सांगतेय. परक्याला कशाला सांगितलं असतं?"

चित्र काखोटीला मारून ती निघून गेली, ती परत त्या दारात आली नाही.

मी मात्र तिथेच राहिलो. रिकाम्या जागी काकाने मला टांगले.

"वा, काय निर्मळ नदी!" पाहुणे म्हणतात. "इथलीच का?"

"आमचीच की! ही काय, मागेच आहे," काका हसत सांगतो.

मला शिसारी येते, मित्रांनो. त्याच्या हसण्याची येते, आणि त्याच्या कामी येणाऱ्या माझ्या देखणेपणाचीही. म्हणून माझी काच पुसू नका, मला जपू नका. माझ्यासमोर उभे राहून "वा" म्हणावेसे वाटले, तर आधी मागची खिडकी उघडा आणि एक खोल श्वास घ्या.

मग ठरवा, जपायचे कोणाला.