उलटा वाचलेला बाण

कारखान्याने निरोपाच्या दिवशी घड्याळं वाटली ती सगळ्यांना एकाच मापाची. जाडा असो, हाडकुळा असो, घाल आणि गप बस. सासऱ्यांनी उभं आयुष्य लेथवर, लोखंड कातण्यात काढलं होतं. केसभर फरक राहिला तर त्यांचा तुकडा परत यायचा आणि साहेब खाली येऊन तोंड सोडायचा. त्या माणसाच्या मनगटाचं माप घ्यावं एवढी अक्कल मात्र एकाही साहेबाला सुचली नाही. हजेरीचा नंबर पाठ, मनगट कुणी पाहिलेलंच नाही. वर टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. त्या फोटोत सासरे एक हात वर करून उभे आहेत. बघणाऱ्याला वाटतं, सगळ्यांचा निरोप घेतायत. खरं म्हणजे हात खाली केला असता तर घड्याळ बोटांवरून निघून साहेबाच्या बुटावर पडलं असतं.

सुनेला या घड्याळाने छळलं होतं. ती कुरिअरच्या कचेरीत बसायची. दिवसभर हातातून बंद खोकी जायची आणि एकही उघडायची सोय नाही. त्याचं उट्टं ती घरी काढायची. मिक्सर, इस्त्री, दाराचं कुलूप, सगळं तिने एकदा तरी उघडून पाहिलं होतं आणि त्यातलं बरंचसं परत बंदही झालं होतं. नवरा तिला 'चौकशी खिडकी' म्हणायचा.

घड्याळाचं तिला कळत नव्हतं ते असं. सासरे ते घालायचे, पण खोलीत एकटे असले की. जेवायला बसले की काढून खिशात. पाहुणा आला की खिशात. ढगळ आहे म्हणावं, तर कोपऱ्यावरचा घड्याळवाला धातूच्या पट्ट्यातल्या दोन कड्या काढून चहा व्हायच्या आत परत देतो.

"बाबा, मी नेऊन आणते की."

"नको. ते लोक हातोडी मारतात."

"मग तुम्ही चला बरोबर. समोर बसून करून घेऊ."

"नको म्हटलं ना."

शेवटी सासूबाईंनीच निकाल लावला. रविवारी लेक-जावई जेवायला येणार होते. "यांना होत नाही तर जावयाला देऊन टाकू," त्या म्हणाल्या. "त्याचं मनगट आहे खांबासारखं. त्याच्या हातात शोभेल तरी. काय हो?"

"द्या," सासरे म्हणाले.

सून हातातलं काम सोडून बघत राहिली. भाजीत मीठ कमी पडलं तर हा माणूस जेवण संपेपर्यंत वाद घालतो, आणि सगळ्या नोकरीची मिळून हातात आलेली ही एकच चीजवस्तू, ती एका शब्दात सोडून दिली? त्यांना ते हवं होतं. एकटे असताना सदऱ्याच्या टोकाने ते काच पुसायचे, हे तिने दाराच्या फटीतून पाहिलं होतं. हो, फटीतून. त्याची तिला लाज वाटत नसे.

शनिवारी ती कचेरीतून येताना कड्या काढायचं साधन घेऊन आली. निळ्या प्लॅस्टिकचा बोटभर ठोकळा, मधे पट्टा बसेल अशी खाच, बाजूला स्क्रू आणि स्क्रूच्या टोकाला बारीक सुई. सोबत जादा सुयांची पुडी. सासूबाई आत आडव्या झाल्या होत्या, नवरा बाहेर गेला होता. सासरे टेबलाशी बसले होते, घड्याळ मनगटावर, डावा हात टेबलावर टेकलेला.

ती पिशवी ठेवायला वाकली आणि तिला आवाज आला. बारीक, धातूचा. खुळखुळ. टेबल हललं नव्हतं. पंखा बंद होता. सासरेही हलले नव्हते. आवाज घड्याळाचा होता. तिने हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता, थंडीने थरथरतो तसा, आणि दिवस तर उन्हाळ्याचे.

सासऱ्यांनी उजवा हात डाव्यावर दाबून धरला. आवाज थांबला.

मग तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. जेवताना घड्याळ खिशात का. पाहुणा आला की खिशात का. घड्याळवाल्याकडे का नाही. तिथे काचेच्या कपाटावर हात पुढे करून माप द्यावं लागलं असतं, आणि त्या रिकामटेकड्याने "काका, हात सरळ धरा" म्हटलं असतं. ढगळ घड्याळ म्हणजे हाताला बांधलेली घंटा झाली होती. हाताचं गुपित ते घरभर सांगत सुटणार, त्यापेक्षा जावयाला गेलेलं बरं.

एरवी तिने विचारलं असतं. कधीपासून, का, कसं. त्या दिवशी तिने समोर बसून ठोकळा पुढे सरकवला.

"बाबा, हे कसं चालवायचं ते सांगा. मी आंधळी आहे यातली."

सासऱ्यांनी ठोकळा उचलला, फिरवून पाहिला, स्क्रू मागेपुढे केला. "हे यंत्र? खेळणं आहे हे. याची सुई तर लोण्यात पण वाकेल."

"खेळण्याशीच खेळू मग."

त्यांनी घड्याळ काढून दिलं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला काही कड्यांवर बाण कोरलेले होते, मुंगीच्या पायाएवढे. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर ढकलून पट्टा डोळ्यांशी नेला आणि त्यांचा आवाजच बदलला.

"हे बघ. बाणाचं टोक जिकडे, तिकडून कडीतली पिन ढकलायची. आमच्या खात्यात हाच नियम. टोक दिसलं की तिथून ठोक."

तिने तसं केलं. टोकाकडची बाजू सुईसमोर धरली, स्क्रू फिरवला. थोडं फिरलं. मग अडलं. तिने जोर लावला. करकर झाली आणि सुई वाकडी.

सासरे बघत राहिले. सुईकडे नाही, स्वतःच्या हाताकडे, जणू सुई त्यानेच मोडली. "राहू दे. उगाच नाद. जावयाला देऊन टाक."

"थांबा हो." ती पट्टा उजेडाला धरून बसली होती. "हा बाण तुमच्या खात्याने काढलाय का?"

"आमच्या खात्याने कशाला? घड्याळवाल्यांनी."

"मग त्यांना तुमचा नियम कसा माहीत असेल? दवाखान्यात भिंतीवर बाण असतो, तो सांगतो तिकडे जा. टोकाशी उभं राहून उलटं या, असं कुणी म्हणत नाही."

सासऱ्यांनी पट्टा पुन्हा हातात घेतला. चष्मा डोळ्यांवर आला. "म्हणजे पिन बाणाच्या दिशेने बाहेर जाणार."

"मला काय माहीत. बघू या की."

"म्हणजे मी आयुष्यभर बाण उलटा वाचला."

"आयुष्यभर बरोबर वाचलात. कारखान्यात. हे घर आहे."

त्यांना हसू आलं, नाकातून, आवाज न करता. पुडीतली दुसरी सुई त्यांनी तिला दाखवून बसवून घेतली. पट्टा उलटा झाला. बाणाच्या शेपटाकडून सुई आत.

"सावकाश. अर्धा फेरा. थांब. आता हात हलका कर." ते डोळे मिटून कान देत होते. "अडलेलं लोखंड सुटायच्या आधी सांगतं. आलं का?"

"काय आलं?"

"हाताला सैल लागलं का, बये."

लागलं. स्क्रूने एकदम वाट दिली आणि पलीकडून पिनेचं डोकं बाहेर आलं. सुनेला एवढा आनंद कचेरीत कधी झाला नव्हता.

सासऱ्यांनी पक्कड उचलली, पिनेकडे नेली. टोक पिनेच्या आजूबाजूला नाचलं, पिनेवर येईना. त्यांनी पुन्हा एकदा नेली. मग पक्कड टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे सरकवली.

"तूच ओढ. माझ्याच्याने नाही व्हायचं."

तिने पक्कड घेऊन पिन ओढली.

मग काम भराभर चाललं. पट्ट्याचा खटका मनगटाच्या मधोमध राहावा म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंनी सारख्या कड्या काढायला लावल्या. परत बसवताना पिन बाणाच्या उलट दिशेने, पिनेचं चिरलेलं, फट असलेलं टोक शेवटी. या वेळी तिने विचारायच्या आधीच त्यांनी हे पिन हातात घेऊन, फट नखाने चाचपून सांगितलं. पट्टा बसला. त्यांनी हात टेबलावर टेकवला आणि दोघांनी कान दिला. हात हलत होता. घड्याळ गप्प होतं.

रविवारी लेक-जावई आले. ताटं वाढली गेली. सासूबाई म्हणाल्या, "अहो, ते घड्याळ आणा ना. जावयांना द्यायचं होतं."

"देणार नाही," सासरे म्हणाले. "मला बसलं ते."

त्यांचा डावा हात टेबलावर होता आणि घड्याळ त्यावर घट्ट. सुनेने श्वास सोडला. जमलं असं तिला वाटलं. पण नव्या चकचकीत वस्तूकडे माणूस बघतोच, एवढं साधं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. जावई भला माणूस, त्याने कौतुकाने सासऱ्यांचं मनगटच धरलं.

"वा, अगदी मापात बसवलंय. कुणी केलं?" आणि मग आवाज खाली आणून, "बाबा, हात का थरथरतोय तुमचा?"

लेकीचा घास हातातच राहिला. सुनेला वाटलं, आता म्हणतील थकवा आहे, म्हातारपण आहे, काहीतरी थाप. तिनेही एक तयार ठेवली होती.

"बरेच दिवस थरथरतोय," सासरे म्हणाले. "घड्याळ वाजायचं, म्हणून काढून ठेवत होतो."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?" सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं.

"तू लगेच जावयाला देऊन टाकलं असतंस."

"घड्याळ?"

"मला."

जावयाला ठसका लागला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, वळसा घालून आल्या, जावयाच्या हातातून नवऱ्याचं मनगट काढून घेतलं आणि दोन्ही हातांत धरलं, दाबून, जणू धरल्याने थांबेल. थांबलं नाही.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," त्या म्हणाल्या.

"जाऊ."

"उद्या म्हणजे उद्याच."

"जाऊ म्हटलं ना. सूनबाई येईल बरोबर. त्याला काय काय विचारायचं ते तिलाच सुचेल." त्यांनी हात हळूच सोडवून घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा पुन्हा टेबलावर ठेवला. "जेवा आता. बघत बसलात म्हणून थांबणारा नाही तो."