जिवंत माणसासाठी जळलेलं मेण

मी मेणाची फळी बोलतेय. दचकू नका, दचकायचं काम माझं. दार जरा आपटलं तरी मी भिंतीवर खडखडते.

अक्रोडाच्या लाकडाची मी, हातभर लांब. अंगाभोवती सुतळीएवढ्या बारीक मेणवातीचे वेढे. माझं घर सोरोएता. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या डोंगरातल्या आमच्या बास्क गावात घराला नाव असतं आणि माणसाला हाक मारतात तीही घराच्याच नावानं. आडनाव राहतं पाद्रीबुवांच्या वहीत. घरातलं कुणी गेलं की घरची बाई मला चर्चमध्ये नेऊन, मेलेल्याचं नाव घेऊन वात पेटवायची.

तेव्हा घरची बाई होती ग्रासियाना. तिचा थोरला मुलगा बेन्यात मेंढ्या राखायला अमेरिकेला गेला, नेवाडात. त्याला लिहिता येत नव्हतं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं एक पत्र आलं, खाली नुसतं 'बेन्यात' आणि पत्ता. ग्रासियानानं पाद्रीबुवांकडून तीनदा उत्तर लिहवलं. तिन्ही वेळा पाकीट न फोडता परत आलं: असा माणूस इथे नाही.

पाच वर्षं तिनं मला हात लावला नाही. मग एका रविवारी उचललं. तीन काड्या वाया गेल्या, चौथीनं वात धरली. पुढे मरेपर्यंत, अठरा वर्षं, तिनं बेन्यातसाठी वात लावली.

आता चर्चमध्ये मला कुणी नेत नाही. चुलीशेजारी खिळ्याला टांगलेली असते.

परवा नेवाडाहून निकोल आली, कागदांची चळत घेऊन. घरात बेन्यातच्या भावाची नात मायालेन एकटीच असते.

"चार वर्षं इकडच्या जन्माच्या वह्या धुंडाळतेय," निकोल म्हणाली. "बेन्यात सोरोएता कुठेच नाही."

"कसा असेल? सोरोएता हे घर गं बाई! वहीत तो बेन्यात मिचेलेना."

"पण तिकडे आम्ही सगळे सोरोएताच आहोत."

"म्हणजे बंदरावर नाव विचारलं, तर ह्या शहाण्यानं घराचं सांगितलं!" मायालेन हसली. "घरच पाठीवर मारून नेलंन की!" मग तिचं हसू थांबलं. "आणि इथून पत्रं गेली मिचेलेनाच्या नावानं."

निकोलनं एक कागद पुढे केला. "पणजोबा एकोणीसशे एकसष्ट साली वारले. म्हणायचे, घरच्यांनी मला टाकलं."

मी भिंतीवर गारठले. ग्रासियाना तर त्याच्या कितीतरी आधी गेलेली. म्हणजे अठरा वर्षं मी जिवंत माणसासाठी जळत होते, आणि तो तिकडे उत्तराची वाट बघत होता.

मायालेननं मला खाली काढलं, एप्रनच्या टोकानं पुसलं. "लाव तू. तुझा पणजोबा तो."

"काय म्हणू, आजी?"

"आजी काय? आत्या म्हण. आणि नाव नीट घे, नाहीतर पत्रासारखं परत यायचं."

निकोलनं काडी ओढली. वात धरली, आणि कुठलं नाव घ्यावं म्हणून ती मायालेनकडे बघू लागली.

पोरी, दोन्ही नावं घे. आणि त्याच्या आईचंही. दोन बोटं मेण उरलंय, तेवढ्यात होईल.