साबणाच्या डबीतला कान

महामायाने मला कान करून दिला, तेव्हा तो कोणाला दाखवायचा माझा विचार नव्हता.

साबणाची हिरवी प्रवासी डबी होती. झाकणाला एक भोक, भोकामागे जुन्या मोबाईलमधून काढलेला माईक, आत दोन ट्रान्झिस्टर आणि सेल, आणि बाहेर आलेल्या वायरच्या टोकाला एक इअरफोन. डबी सदऱ्याच्या खिशात ठेवायची, इअरफोन कानात घालायचा आणि वरून मफलर गुंडाळायचा. जानेवारी होता, म्हणून मफलर खपून गेला.

महामाया समोरच्या घरातली, दहावीतली मुलगी. वडील विनोद एसटीत कंडक्टर, आई पंचशीला अंगणवाडीत. मी आमच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी किल्ली माझ्याकडेच राहिली, कारण दुसऱ्या कोणी ती मागितली नाही. मी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नाही, तरी गाव मला सर म्हणतं. रेडिओ दुरुस्तीचं एक जुनं पुस्तक वाचनालयात होतं. ते महामायाच्या आधी कोणीच नेलं नव्हतं. ती ते वाचून मला प्रश्न विचारायला यायची आणि मी मान डोलवायचो.

मान डोलवण्यावर माझं बरंच भागत आलं आहे. गेली काही वर्षं मला ऐकू कमी येत होतं. समोरचा माणूस तोंड माझ्याकडे करून मोठ्याने बोलला तर कळायचं, एरवी मी ओठ बघायचो आणि मान हलवायचो. त्यात कोणाचं काही अडलं नाही. उलट गावाच्या तंटामुक्ती समितीवर मला घेतलं. शेजारच्या बसम्मा रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायच्या आणि मनातलं बोलून जायच्या. माझं बहिरेपण कोणाच्या लक्षात आलेलं नाही, अशी माझी समजूत होती. महामायाच्या मात्र आलं. कपॅसिटर म्हणजे काय, असं तिने विचारलं होतं आणि मी "छान, छान" असं उत्तर दिलं होतं.

डबी आली आणि मला कळलं की भिंतीवरच्या माझ्या घड्याळाला आवाज आहे. मी पापड फार मोठ्याने खातो, हेही कळलं. पण डबीत दोन खोडी होत्या. मफलर घट्ट झाला की ती शिट्टी मारायची, आणि मधूनच विनाकारण टर्रर्र करायची.

"शिट्टी बंद करून देते आजोबा," महामाया म्हणाली. "शाळेच्या लॅबमध्ये सोल्डरिंग गन हाय. सरांना विचारते."

शाळेची लॅब फक्त तपासणीच्या दिवशी उघडते, हे मी तिला सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, तिला माहीत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचशीला आली. उंबऱ्यातच उभी राहून बोलायला लागली, मग आत येऊन माझ्या कानाशी तोंड आणून बोलली. झालं होतं ते असं.

आमची शाळा दहावीचं परीक्षा केंद्र आहे. गेटवर कॉपीमुक्तीचा फलक लागला होता आणि खेळाचे बजरंग सर तिथे उभे राहून दप्तरं तपासत होते. महामायाच्या दप्तरात साबणाची डबी निघाली. ती उघडली तर साबण नाही, वायरी. बजरंग सरांनी उंदीर शेपटीला धरून न्यावा तशी ती डबी हात लांब करून मैदानभर नेली आणि जिन्याखालच्या आगीच्या लाल बादलीत, वाळूत पुरली. मग सगळे वर्ग बाहेर काढून कडुनिंबाखाली बसवले. पाचवीच्या पोरांनी लगेच डबे उघडले. मुखेडच्या पोलीस ठाण्यातून जमादार आले, त्यांनी काठीने डबी उकरली, हा बॉम्ब नाही असं सांगितलं, पोहे खाल्ले आणि गेले.

इथे संपायला हवं होतं. पण अख्खी शाळा बाहेर बसवल्यावर ती काहीच नसलेल्यासाठी बसवली, असं कसं म्हणणार? बॉम्ब नाही तर मग ते कॉपीचं यंत्र ठरलं. इअरफोन आहे, म्हणजे बाहेरून कोणी तरी उत्तरं सांगणार आणि ही आत ऐकून लिहिणार.

"हेडसरांनी लातूरला मंडळाला पत्र लिवलंय," पंचशीला सांगत होती. "पोरीला परीक्षेला बसू द्यायचं का न्हाई म्हणून. शिपाई चारच्या गाडीनं घेऊन चालला. ते आजोबांचा कान हाय म्हणून पोरगी सांगून राहिली, तर सगळे हसले."

"विनोद कुठं आहे?"

"चारची गाडी त्यांचीच हाय. पोरीचं पत्र बापाच्याच गाडीनं जाणार. चला सर तुम्ही."

जायचं म्हणजे पाच माणसांसमोर सांगायचं की मला ऐकू येत नाही. मी म्हणालो, मी चिठ्ठी लिहून देतो, मी बोलण्यापेक्षा लिहितो बरं.

"चिठ्ठी कोण वाचतंय सर," ती म्हणाली. "पायात चपला घाला."

घातल्या. उलट्या घातल्या होत्या, ते कोपऱ्यावर गेल्यावर कळलं.

हेडसर बिरादार टेबलामागे बसले होते. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर डबी, डबीभोवती वाळू. शेजारी पेपरवेटखाली पाकीट. शिपाई व्यंकटी खांद्याला पिशवी लावून निघायच्या तयारीत होता. बजरंग सर कपाटाशी उभे होते. महामाया दाराजवळ होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिचे डोळे सुजले होते.

वाटेत मी एक परिच्छेद जुळवला होता. त्याची सुरुवात 'महोदय'ने होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "मला ऐकू येत नाही."

कोणी दचकलं नाही. व्यंकटी पुढे आला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "सर, ते अख्ख्या गावाला माहीत हाय."

मी बिरादारांकडे पाहिलं. त्यांनी आवाज चढवला. "म्हणून तर तुम्हाला तंटामुक्तीवर घेतलं सर. दोन्ही पार्ट्यांना वाटतं, सर आपल्याच बाजूनं मान डोलवून राहिले."

मी खुर्चीत बसलो. कोणी बसा म्हटलं होतं की नाही, आठवत नाही.

बजरंग सर मात्र ऐकेनात. त्यांचं म्हणणं महामायाने मला खुणेने आणि ओठांनी समजावलं. सरांना ऐकू येत नाही हे ठीक, पण या डबीने येतं कशावरून? सिद्ध करा.

महामायाने डबी उघडून वाळू फुंकली, ओढणीने सेल पुसले, बसवले. मी इअरफोन कानात घातला. आधी नुसती खरखर आली, कोणी तरी कानाशी ज्वारी चाळत असल्यासारखी. वाळू राहिली होती. मग पंखा आला. मग बिरादारांच्या खुर्चीची कुरकुर आली.

"मी व्हरांड्यात जाऊन हळू बोलतो," बजरंग सर म्हणाले. "काय बोललो ते सांगा म्हणावं."

ते बाहेर खांबाआड पाठ करून उभे राहिले. हळू बोलायचं तर काय बोलायचं, हे त्यांना सुचेना असं दिसलं. जन्मभर मैदानावर ओरडण्यात गेलेला माणूस. मग अगदी बारीक आवाज आला, "सावधान."

मी उठून उभा राहिलो. मुद्दाम नाही, पाय आपोआप जुळले.

"विश्राम."

मी पाय फाकवले, हात मागे घेतले. पंचशीलाने तोंडाला पदर लावला.

"पीछे मुड."

मी वळलो. आता माझ्यासमोर शाळेच्या ढालींचं कपाट होतं आणि सगळे पाठीमागे.

"पुरे करा बजरंग सर," बिरादार म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला कवायत करायला लावून राहिले."

बजरंग सर आत आले. मी परत बसतो न बसतो तोच कानात टर्रर्र झालं. मी हात कानाकडे नेला. "ते परत आलं."

"कुणाचा तरी फोन येऊन राहिला," महामाया म्हणाली.

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत व्यंकटीच्या खिशातला बटणांचा फोन वाजला. व्यंकटीने तो विंचू असल्यासारखा बाहेर काढला. "हाव विनोदभाऊ. हाव, हाय पत्र. थांबा जरा, गाडी सोडू नका." त्याने फोन खाली घेतला आणि महामायाकडे बघायचं टाळलं. "इचारून राहिले, किती वेळ थांबू म्हणून."

बिरादार पुढे वाकले होते. "तुला कसं कळलं गं?"

"असा फोन वाजायच्या आधी टावरशी बोलतो सर. ते ह्या वायरीत घुसतं. तीच टर्रटर्र. मी बंद करायला बघून राहिले, पण होईना."

"म्हणजे वर्गात कोणी असला मोबाईल लपवून बसला असंल, आन् त्याला फोन आला..."

"तर आजोबांना कळंल."

बिरादारांनी बजरंग सरांकडे पाहिलं, बजरंग सरांनी डबीकडे. सकाळी जी डबी ते उंदरासारखी लांब धरून घेऊन गेले होते, तिच्यावर आता त्यांनी दोन बोटं ठेवली आणि वाळूचा एक कण झटकला.

"सर," बिरादार मला म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता, तरी मला स्पष्ट ऐकू आला. "परीक्षा होईपर्यंत ही डबी शाळेकडं राहू द्या. न्हाई तर असं करा, डबी घालून तुम्हीच केंद्रावर बसा. पंख्याखाली खुर्ची देतो. शेवटच्या पेपरला शाल-श्रीफळ. पत्राचं मग बघू."

माझी मान खाली जायला लागली होती. सवयच तशी. इतकी वर्षं वाक्याचा शेवट कुठे होतो ते ओठांवरून ओळखायचं आणि तिथे मान सोडायची. पण या वेळी शेवट कानात आला होता. पत्राचं मग बघू. बोलताना त्यांचा तळहात पेपरवेटवर होता.

"नाही," मी म्हणालो.

माझाच आवाज डबीतून इतका मोठा आला की मी खुर्चीत मागे सरलो. सगळे माझ्याकडे बघत होते. आता थांबलो तर पुढचं जमणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"पत्राचं आधी बघा. आणि डबी माझी नाही, तिची आहे. मागायची तर तिला मागा."

सकाळपासून महामायाला सगळ्यांनी दरडावून विचारलं होतं, कोणी मागितलं काहीच नव्हतं. बिरादारांनी घसा खाकरला. माझ्या कानात ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखं वाटलं.

"काय गं महामाया?"

"ही आजोबांचीच हाय सर," ती म्हणाली. "शाळेला दुसरी करून देते. पण मी तर परीक्षेला बसलेली राहीन. दुसऱ्या कुणाला तरी घालावी लागंल."

बिरादार म्हणाले, "बसलेलीच राहशील. सामान काय काय लागतं?"

"लॅबची किल्ली."

"ती हाय माझ्याकडं. अजून?"

ती सांगायला लागली. बिरादारांनी कागद शोधला. टेबलावर वर्तमानपत्राशिवाय कागद नव्हता. त्यांनी पाकीट उघडलं, लातूरचं पत्र काढलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. माईक. ट्रान्झिस्टर. सेल. इअरफोन. तेवढं लिहून झाल्यावर मला खुर्चीच्या कुरकुरीपलीकडे पंचशीलाचा श्वास ऐकू आला. ती बराच वेळ तो धरून उभी असावी.

"आन् साबणाची डबी," महामाया म्हणाली.

"कोणत्या कंपनीची?"

"कोणती बी चालंल. झाकण तेवढं घट्ट पाहिजे. आत वाळू गेली की खरखर होते."

बजरंग सर खिडकीतून मैदान बघायला लागले.

व्यंकटीने कागद घेतला. "मग लातूर?"

"लातूर कामून? मुखेडला जा, सामान आण."

व्यंकटीने फोन लावला. "विनोदभाऊ, सोडा गाडी. न्हाई, काही न्हाई. घरी गेल्यावर सांगतील." आणि थोडं थांबून, "पेढे घेऊन या म्हणतो मी तर."

मुखेडच्या दुकानदाराने म्हणे कागदाच्या दोन्ही बाजू वाचल्या आणि व्यंकटीला विचारलं, यातली ऑर्डर कोणती समजायची.

शिट्टी महामायाने लॅबमध्ये बसून बंद केली. टर्रटर्र मात्र तशीच आहे. बजरंग सरांनीच तिला सांगितलं, ती घालवू नको.

शाळेतून आलो त्या संध्याकाळी मी डबी खिशात घालून ओट्यावर बसलो. मफलर घेतला नाही. बसम्मा रोजच्यासारख्या आल्या, टेकल्या आणि माझ्या कानाकडे बघून गप्प झाल्या. त्यांच्या बांगड्या वाजतात, हे मला नवीन होतं.

"ऐकू येऊन राहिलं का सर आता?"

"हो. सगळं."

"असं." त्यांनी पदर सारखा केला. "मग मी कसं बोलू?"

इतकी वर्षं मी समजत होतो की मी त्यांचं चांगलं ऐकून घेतो म्हणून त्या येतात. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या. मी इअरफोन काढला, वायर गुंडाळली आणि डबी आमच्या दोघांमध्ये ओट्यावर ठेवली. बसम्मांनी ती उचलली, उलटसुलट पाहिली, बटण सापडलं ते बंद केलं आणि परत बसल्या.

मग त्यांचे ओठ हलायला लागले. सुनेचं नाव शिल्पा आहे. ते दोनदा दिसलं. एकदा त्या हसल्या, एकदा डोळे पुसले. मी मान डोलवत राहिलो. बरोबर जागी डोलवली असावी, कारण त्या मध्ये थांबल्या नाहीत.

सगळं बोलून झाल्यावर त्यांनी तोंडावरून हात फिरवला, डबीचं बटण चालू केलं आणि इअरफोन माझ्या हातात दिला. मी तो कानात घातला.

"चहा ठेवते," त्या म्हणाल्या. "तेवढं ऐका."